मागची रांग नसलेला वर्ग

टेबलामागच्या बाईंनी कागदावरून एक गोल स्टिकर सोलून काढला. त्यावर ‘पालक’ असं छापलेलं होतं. तो मावशीपुढे धरत त्या म्हणाल्या,

“आपण आई ना हिच्या? चेहराच सांगतोय.”

मावशीने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारून भाचीचं उत्तर गेलं.

“हो.”

मावशीने तोंड मिटलं, स्टिकर घेतला आणि स्वेटरवर लावला. लोकरीवर तो नीट चिकटेना, म्हणून अंगठ्याने दाबून धरला. बाई मागच्या मंडळींकडे वळल्या.

पायऱ्यांपाशी आल्यावर मावशीने आवाज खाली आणला.

“काय गं म्हातारे, बढती दिलीस मला?”

“सांगितलं की लोक मान वाकडी करतात गं. मग अरेरे म्हणतात. मग मीच त्यांना धीर देत बसायचं.” ती म्हणाली. “आज नको.”

“बरं.” मावशीने स्टिकर पुन्हा दाबला. “खोटं बोलावं तर ज्याला परत तोंड दाखवायचं नाही त्याच्याशी. एवढं पथ्य तुझ्या आईनेही पाळलं. म्हणजे या कॉलेजवर फुली मारलीसच म्हणायची. उगाच उजाडायच्या आत उठवलंस मला.”

“फुली नाही मारली. बघू.”

“बघू,” मावशी म्हणाली.

गेली दोन वर्षं त्यांच्या घरात हाच शब्द सगळ्यात जास्त वापरला गेला होता. रिपोर्ट आले की बघू, डॉक्टर काय म्हणतात ते बघू. आई थंडी संपता संपता गेली, पण शब्द राहून गेला. तशीच तिची कॉटही. डोक्याकडची बाजू हँडलने वर-खाली होणारी ती लोखंडी कॉट भाड्याने आणली होती. बाहेरच्या खोलीत ती अजून तशीच होती. परत न्या म्हणून फोन करायचा, एवढंच काम होतं. रोज संध्याकाळी मावशी खालच्या मजल्यावरून डबा घेऊन वर यायची आणि दोघी त्या कॉटच्या कडेवर बसून जेवायच्या, कारण मधल्या काळात खुर्च्या कुठे कुठे सरकून गेल्या होत्या.

सोमवारपर्यंत कळवायचं होतं. एका बाजूला शहरातलं मोठं विद्यापीठ, घरापासून चालत जाण्याइतकं. गेल्या आठवड्यात ती तिथल्या एका वर्गात जाऊन शेवटच्या रांगेत बसून आली होती. प्राध्यापकांचं तोंडही दिसत नव्हतं. तू कोण, कुठली, कोणी विचारलं नाही. बाहेर पडताना तिला गाढ झोप झाल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या बाजूला हे कॉलेज, सकाळभराच्या प्रवासावर, टेकडीच्या उतारावर दगडी इमारतींचा एक पुंजका. ते आईच्या डोक्यातून आलं होतं. शेवटी शेवटी, उशीला टेकून, ती एकदा म्हणाली होती, “ते छोटं कॉलेज बघून तरी ये. नाही आवडलं तर सोड.”

कॉलेज दाखवायला जी मुलगी आली तिचा चष्मा नाकावरून सारखा घसरत होता. पाहुण्यांकडे तोंड करून ती उलटी चालत होती आणि चालता चालता मधल्या बोटाने चष्मा वर ढकलत होती. मावशी तिच्या पायांकडे बघून जीव मुठीत धरून चालली होती.

“इथे पहिली दोन वर्षं कोणी काही होत नाही,” चष्मेवाली म्हणाली. “म्हणजे डॉक्टर, वकील, असं काही नाही. सगळ्यांनी सगळं शिकायचं. तारे, गणित, चित्रं, जुन्या भाषा.”

“मग शेवटी बाहेर पडायचं ते काय म्हणून?” मावशीने विचारलं.

“माणूस म्हणून, असं आमचे प्राचार्य म्हणतात.”

“आत जातानाही माणूसच असतो की आपण.”

चष्मेवाली इतकी मोठ्याने हसली की चष्मा खालीच आला. मावशीला मग राहवलं नाही. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. कोणाच्याही तोंडाकडे बघताना तिची नजर आधी नाकावर आणि मग कानामागे जायची.

“आण इकडे. आणि तोवर सरळ उभी राहा बाई, एखाद्या खड्ड्यात जाशील.”

तिने चष्मा हातात घेतला, काड्या बोटांनी दाबून कानामागच्या वळणाला थोडा बाक दिला, नाकावरची टोकं चिमटीत जवळ आणली आणि स्वतःच्या हाताने तो मुलीच्या नाकावर बसवला. चष्मेवालीने मान खाली-वर हलवून पाहिली. मग भाचीकडे वळून ती म्हणाली,

“तुझी आई भारी आहे गं.”

तिने मान डोलावली. मावशी रुमालाने बोटं पुसत राहिली.

“लहानपणी कशी होती हो काकू ही? अशीच गप्प?”

“गप्प? बरेच दिवस बोलायलाच तयार नव्हती. घरच्यांनी कान तपासून आणले हिचे.” मावशी रंगात आली. “आणि एक दिवस दुपारी, मी दारातून आत पाऊल टाकतेय तोच बोलली. पहिला शब्द.”

“कुठला?”

मावशी थांबली. स्वेटरवरच्या गोलाकडे तिने एकदा पाहिलं.

“आई,” ती म्हणाली. “आणखी कुठला असणार.”

पहिला शब्द ‘मावची’ होता. घरात सगळ्यांना माहीत होतं. दिवसरात्र मी राबते आणि नाव हिचं घेतलं, म्हणून आई आयुष्यभर लटकं रागवायची आणि मावशी ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवायची. तिने मावशीकडे पाहिलं, पण मावशी ग्रंथालयाच्या खिडक्या मोजल्यासारखं करत होती.

वर्ग पाहायचा कार्यक्रम होता. खोलीच्या मधोमध एक लांबट गोल टेबल, त्याच्याभोवती डझनभर मुलं. ती दारातच घुटमळली.

“मागे कुठे बसू?”

“मागे नाहीच,” चष्मेवाली कुजबुजली. “मागची रांगच नाही इथे. म्हणून तर इथे काही लपत नाही. आठवड्याभरात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं कळतं.”

हे ती कौतुकाने सांगत होती. पालकांसाठी भिंतीलगत खुर्च्या होत्या. मावशी तिथे बसली. भाची टेबलाशी एका रिकाम्या खुर्चीवर टेकली.

शिकवणाऱ्या बाई वयस्क होत्या. टेबलावर त्यांनी एक नकाशा पसरला होता. त्यात एका गावाबाहेर शेताच्या मधोमध दगडी पूल होता आणि त्याच्याखाली नदी नव्हती. नदीने फार पूर्वी पात्र बदललं होतं. पूल लोकांनी का काढला नाही, एवढाच प्रश्न होता. मुलं भराभर बोलली. अभिमान म्हणून. नदी परत येईल अशी आशा म्हणून. दोन गावांचं भांडण असेल. बाई प्रत्येकाकडे बघून मान हलवत होत्या. मग त्यांनी पाहुणीकडे पाहिलं.

“तुम्हाला काय वाटतं?”

“काढायला कोणाच्या अंगात त्राण उरलं नसेल,” ती म्हणाली.

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

“दमणूक हे कारण कोणी इतिहासात लिहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पुढे?”

“पुढे काय... सवय होते. लोक त्याच्यावर बसायला लागतात.”

“कोण बसतं?”

तिला उत्तर आलं नाही. तिने वाट पाहिली, की आता कोणीतरी घाईघाईने बोलेल, विषय बदलेल, पाणी हवं का विचारेल. दोन वर्षं ती गप्प झाली की लोक असंच करत आले होते. इथे कोणी काही केलं नाही. समोरचा मुलगा पेन्सिलीने नकाशावरच्या शेताची कड गिरवत होता. बाई नुसत्या बसून होत्या, जणू तिच्या न बोलण्यालाही त्यांच्या तासात जागा होती. बऱ्याच वेळाने त्या पुलाकडे वळल्या. भिंतीपाशी मावशी मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

जेवणघरात लांब बाकं होती. चष्मेवाली त्यांच्याबरोबरच जेवायला बसली. तिच्या तोंडाला खळ नव्हता. आपली आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा कशी प्रत्येक नळ उघडून बघत होती, सगळ्यांसमोर आपल्याला स्वेटर घालायला लावत होती, हे ती साभिनय सांगत होती.

“त्यापेक्षा मावशीला आणलं असतं तर बरं झालं असतं. माझी मावशी म्हणजे ना, लाड नुसते. उगाच नाही म्हणत, माय मरो पण मावशी जगो!”

ती स्वतःच हसली आणि पाण्याचा पेला उचलला.

मावशीने चमचा ताटलीच्या कडेवर ठेवला, अगदी आवाज न करता. “मी जरा पाणी आणते,” ती म्हणाली. पाण्याचा जग टेबलावरच होता, भरलेला.

ती म्हण आईची आवडती होती. मावशीने भाचीसाठी काही आणलं, शाळेतल्या तक्रारीत तिची बाजू घेतली, की स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, “हो हो, माय मरो, मावशी जगो!” आणि दोघी बहिणी हसायच्या. थंडीनंतर ते शब्द कोणी उच्चारले नव्हते. काही घरांत काही भांडी वरच्या फळीवर जातात, तसे ते गेले होते.

मावशी लांबच्या खिडकीपाशी उभी होती, पाठमोरी. हातात पेला नव्हता. खांदे थोडे उतरलेले, एक हात कमरेवर. आई अशीच उभी राहायची. भाचीच्या मनात आलं, सकाळपासून या बाईला जो तो तिच्या बहिणीच्या जागी उभं करतोय, आणि ही कोणाला काही न बोलता उभी राहतेय. आपल्याला नको होतं ते आपण तिच्या गळ्यात घातलं.

“काकूंना बरं नाही का?” चष्मेवालीने विचारलं.

“दमलीय,” ती म्हणाली.

परतीची बस फाटकासमोर थांबायची. चष्मेवाली सोडायला आली. मावशी थांब्याच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती.

“मग? येणार का?”

“इथे खरंच सगळ्यांना सगळं कळतं?”

“कळतं गं. सुरुवातीला वैताग येतो. मग...” तिने खांदे उडवले. “मग तुलाही इतरांचं कळलेलं असतं ना.” मग ती बाकाकडे वळून म्हणाली, “काकू, पुढच्या वेळी याल तेव्हा माझ्या रूममेटचाही चष्मा बघाल?”

मावशी काही बोलायच्या आत भाचीच म्हणाली,

“ही माझी मावशी आहे.”

चष्मेवालीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“आई गेली माझी. आत्ता, थंडी संपताना. सकाळी मी खोटं सांगितलं.” तिला थांबता आलं असतं, पण ती थांबली नाही. “आणि माझा पहिला शब्द आई नव्हता. मावची होता.”

चष्मेवालीची मान एका बाजूला कलली. कलायची ती कललीच. चष्मा मात्र जागचा हलला नाही.

“म्हणजे मघाशी जेवताना मी...”

“हो.”

“बाई गं.”

“असू दे. आई स्वतःच म्हणायची ते. रोज.”

तिला वाटलं होतं, आता आपल्याला हिला धीर द्यावा लागेल. पण चष्मेवालीने काही मागितलं नाही. बस येईपर्यंत ती तशीच शेजारी उभी राहिली. बस आल्यावर तिने मावशीची पिशवी वर चढवून दिली आणि बस वळेपर्यंत फाटकातून हलली नाही.

मावशी खिडकीजवळ बसली. बराच वेळ रस्त्याकडेची कुंपणं मागे जात राहिली.

“कॉटवाल्याला फोन करायला हवा,” मावशी म्हणाली. “उद्या लावते.”

“उद्या रविवार.”

“मग सोमवारी.”

“सोमवारी,” ती म्हणाली.

मावशीने मान हलवली. थोड्या वेळाने तिचे डोळे मिटले आणि डोकं भाचीच्या खांद्यावर आलं. झोपेतही कपाळाला आठी होती. स्वेटरवरचा गोल दिवसभरात सुटत सुटत एका कडेवर लोंबत होता. एक धक्का बसला असता तर पडलाच असता. तिने हात पुढे केला, तो नीट जागेवर बसवला आणि अंगठ्याने दाबून धरला.