वॉल्डो पिंचरचा हाउसफुल्ल

दुबईच्या जबल अली बंदरातल्या गोदामात कुणीच सोडवून न नेलेल्या एका खोक्यात हेमचंद्र दातारांना व्हिडिओ कॅसेटी सापडल्या आणि माणूस कामातून गेला. चाळीस सिनेमे, दिग्दर्शक एकच! अमेरिकेचा वॉल्डो पिंचर, पन्नास वर्षांपूर्वी सहा दिवसांत एक सिनेमा उरकणारा. तेच घोडे, तोच डोंगर, मेलेला माणूस पुढच्या गोळीबाराला परत हजर. बायको विभावरी म्हणे, "अहो, पुरे आता!" लेक शुभ्रा म्हणे, "बाबा, नोबडी नोज हिम." हेमचंद्रांना नेमकं तेच झोंबायचं.

आणि सत्याण्णव साली हा पिंचर, वय शहाऐंशी, नातीकडे दुबईत राहायला आला! हेमचंद्र हार घेऊन धडकले. म्हातारा म्हणाला, "माझे सिनेमे मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायचे. लोक येईपर्यंत माझा संपलेला. भरलेलं थिएटर मी पाहिलंच नाही."

"आमच्या इथल्या मराठी मंडळात पाहाल!" हेमचंद्र बोलून बसले.

मंडळाच्या पत्रिकेवर वेळ छापली पाचची. पाच छापलं की माणसं साडेसहाला उगवतात, हे मंडळातलं शेंबडं पोरही जाणतं. पण पाहुण्याला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलंच नाही. पिंचर पावणेपाचलाच कोट घालून पहिल्या रांगेत! पाचच्या ठोक्याला म्हणाला, "सुरू करा. मी कधी एक मिनिट उशीर केला नाही." हेमचंद्रांना नाही म्हणवेना. पडद्यावर घोडे दौडले आणि मागे तीनशे रिकाम्या खुर्च्या. शरमेनं हेमचंद्रांना रडू कोसळलं.

सिनेमा संपला आणि गजरे, अत्तर, पोरंबाळं घेऊन अख्खं मंडळ आत घुसलं. "सुरू झालं का हो?"

हेमचंद्रांनी घाईघाईनं कॅसेट मागे फिरवायला लावली, पण पडद्यावरचं चित्र बंद करायचं राहिलं. झालं! मेलेले टुणकन उठले, गोळ्या बंदुकीत परतल्या, घोडे मागच्या मागे डोंगर चढले. हशा, शिट्ट्या, "वन्स मोअर!" आठ मिनिटांत सिनेमा सुरुवातीला पोचला. तिथे कॅसेट थांबवली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिग्दर्शकाचं नाव. तीनशे माणसं उभी राहून टाळ्या पिटत होती.

हेमचंद्र घाबरत घाबरत पुढे गेले. "साहेब, माफ करा, उलटा लागला..."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले, त्यांचा हात घट्ट धरला.

"उलटा नाही रे. मीच जन्मभर सुलटा काढत बसलो. नाव शेवटी हवं. तेव्हा लोक आलेले असतात."