एकाच हंगामात चढवलेली भिंत

सकाळपासून स्योंबुआने नदीच्या कोरड्या पात्रात तीन झिरे खणले आणि तिन्हींत गाळ लागला. वर बोटभर वाळू, खाली काळा चिकट चिखल. त्यातून पाणी पाझरेना.

"अजून एक खण," काठावरून कालेक्ये मावशी म्हणाली. "चौथ्यात कदाचित बिअर लागेल."

बाकीच्या बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. मुन्यिवाला मातीआड करून अजून वर्षही झालं नव्हतं, आणि स्योंबुआ तिची मुलगी.

बंधारा मुन्यिवाच्या डोक्यातला. गावातल्या बायकांची म्वेथ्या, म्हणजे एकमेकींना हात देणारी टोळी, आज हिच्या शेतात राबायची, उद्या तिच्या. मुन्यिवाने ही टोळी नदीत उतरवली. पाऊस पडला की नदी चार दिवस वाहायची, मग पाण्यासाठी गाढवं घेऊन दोन टेकड्यांपलीकडे जायचं. पोरींची शाळा त्या वाटेवरच संपायची. पात्रात आडवी भिंत घातली तर तिच्यामागे वाळू साठेल आणि वाळूच्या पोटात पाणी राहील, असं ती सांगे. मात्र भिंत एका पावसाला गुडघाभरच चढवायची. ठेंगण्या भिंतीवरून गाळ वाहून जातो, जड वाळू मागे राहते. दोन पावसाळे बायकांनी तसंच केलं. वाळू छान बसली होती.

मग आता उपाय नाही म्हणून मुन्यिवाला दवाखान्याने घरी पाठवलं आणि म्वेथ्याची धुरा स्योंबुआकडे आली.

"एकदम चढवलीस तर पुराचं पाणी मागे तुंबेल," गवंडी किओको तेव्हा म्हणाला होता. "आणि तुंबलेल्या पाण्यात गाळच बसतो, बाई."

"आईकडे आणखी दोन पावसाळे नाहीत, दादा."

बायकांनी बाजाराच्या दिवशीही दगड वाहिले. स्योंबुआ उजाडताच घर सोडायची, अंधार पडल्यावर परतायची. तोवर आईला झोप लागलेली असायची. भिंत पुरती झाली तेव्हा चौघींनी मुन्यिवाला खुर्चीत बसवून काठावर आणलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"उंच झाली गं," ती म्हणाली. मग, "ही पाण्यासाठी बांधलीस की माझ्यासाठी?"

"दोन्हीसाठी," स्योंबुआ हसून म्हणाली होती.

ऊन लागतंय, घरी न्या, म्हणाली मुन्यिवा. दमली असेल, असं स्योंबुआला वाटलं. पुढच्याच पावसात पूर आला, भिंतीमागे तुंबला आणि चांगल्या वाळूवर गाळाचा जाड थर टाकून गेला.

"भिंतीचे वरचे थर उतरवायला हवेत," आता कालेक्ये म्हणाली. "आणि हा गाळ उपसायला हवा, नवा पाऊस यायच्या आत. नाहीतर यंदाही हेच."

सगळ्यांनी स्योंबुआकडे पाहिलं. एकीने घमेलं उगाच या हातातून त्या हातात घेतलं.

"अशा माझ्याकडे काय बघता?" स्योंबुआ म्हणाली.

"तुझ्या आईची भिंत आहे, पोरी. तू नको म्हणालीस तर कोणी हात लावणार नाही. जाऊ आपली गाढवं हाकत."

स्योंबुआने हाताचा चिखल कमरेच्या कापडाला पुसला. "मावशी, आईला कळलं होतं? त्या दिवशी?"

"न कळायला ती काय आंधळी होती? बघताक्षणी कळलं."

"मग बोलली का नाही?"

कालेक्येने आधी काठावरच्या बायकांकडे पाहिलं. मग कमरेचं कापड सावरत ती खाली पात्रात उतरली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मीही तेच म्हटलं तिला. पोरीला सांग म्हटलं. तर म्हणाली, सांगितलं तर ती उद्याच पाडायला घेईल, आणि पुन्हा माझ्याजवळ बसायला कोणी नाही. भिंत झाली ना, आता घरी राहील म्हणाली."

पण स्योंबुआ घरी राहिली नव्हती. भिंतीच्या दोन्ही टोकांना दगड रचायचे बाकी होते, आणि ती आणखी आठवडाभर तिथेच राबली होती. पेज कालेक्ये भरवत होती. शेवटचा घासही तिनेच भरवला.

स्योंबुआ भिंतीवर चढली. "घण द्या," ती म्हणाली.

पहिला घाव बसला, दगड हलला नाही. दुसरा, तिसरा. सिमेंटमध्ये वाळू जास्त घालू नकोस, असं किओकोला तिनेच बजावलं होतं. आईला पक्की भिंत दिसली पाहिजे म्हणून. हळूहळू बाकीच्याही पहारी घेऊन वर आल्या. कोणी गाणं म्हटलं नाही. दुपारपर्यंत अर्धा थरही उतरला नव्हता.

"पुरे आता," कालेक्ये म्हणाली. "भिंत कुठे पळत नाही. गाढवं तहानलीत, आणि घरी थेंब नाही."

स्योंबुआने घण खाली ठेवला आणि रिकामे डबे गाढवाच्या पाठीला बांधायला घेतले. हातांना फोड आले होते, गाठ बसेना. कालेक्येने तिच्या हातातून दोर घेतला आणि बांधला. मग दोघी बाकीच्यांबरोबर टेकडीच्या वाटेला लागल्या. वाटेत कोणी तिला टोमणा मारला नाही. कोणीतरी मारावा, असं तिला फार वाटत होतं.