दगडाबाईचं पोतं

अर्पिताच्या घरातलं ज्वारीचं पोतं दगडाबाईचं, असं बोरी गावातली सगळी आळी धरून चालली होती. मुळात दगडाबाईचं पोतं नव्हतंच, हे फक्त अर्पिताच्या घरात ठाऊक होतं.

दगडाबाईचा लेक आणि सून राणी दिवाळी होताच ऊसतोडीला गेले. म्हातारीला धड दिसत नाही, चूल पेटवताना हात भाजतो. शेजारच्या अर्पिताने भाकरी नेली, तर तिने ताट सरकवलं. "फुकटचं मी खात न्हाई." आणि खरंच उपाशी राहिली. शेवटी अर्पिताने थाप मारली, "मावशी, राणी तुमच्यासाठी ज्वारीचं पोतं ठिवून गेलीय माझ्याकडं. त्याचीच भाकर हाय." तेव्हा कुठे म्हातारी जेवली.

तेव्हापासून दिवसभर लोकांच्या रानात खुरपायचं, कंबर धरून चुलीपुढे बसायचं आणि आपल्या लेकरांच्या आधी शेजारचं ताट भरायचं. कुणाला सांगणार नाही, असं तिने येशूपाशी कबूल केलं होतं. कबूल करताना कंबर दुखत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

म्हातारी मात्र ओट्यावर बसून आल्यागेल्याला ऐकवायची, "ज्वारी माझी, अन् मलाच पातळ भाकर! बाकीची तीच खायलीय." बायका अर्पिताकडे तिरक्या नजरेने बघू लागल्या.

रविवारी प्रार्थनेत साक्ष द्यायची वेळ आली. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते एकेक जण उठून सांगत होता. पास्टरांनी अर्पिताला उठवलं. सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण इथे बोललेलं दिवेलागणीपर्यंत दगडाबाईच्या कानावर जाणार आणि ताट पुन्हा सरकणार. "देवानं सांभाळलं," एवढंच म्हणून ती खाली बसली. तिला रडू आलं, रागही आला. राग म्हातारीचा की येशूचा, हे तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी दगडाबाईने फर्मान काढलं, "माझं पोतं माझ्या घरात आणून टाक."

घरात एकच पोतं होतं, तेही अर्धं. अर्पिताच्या नवऱ्याने, योगीराजने, ते मुकाट्याने उचलून शेजारी नेऊन ठेवलं आणि तो कामाला गेला. म्हातारीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"लय खाल्लंस गं."

मागोमाग आलेली अर्पिता भिंतीला टेकून खाली बसली. म्हातारीने चाचपडत तिचा हात धरला, मनगटावरून बोटं फिरवली.

"हाडं लागायलीत की पोरी. घरात हाय का न्हाई काही?"

म्हातारीने ओंजळी भरभरून सुपात ज्वारी काढली.

"ने लेकरायला. अन् कुणापाशी बोलू नको, राणी रागवल."

"फुकटचं कसं घेऊ, मावशी?"

"घ्यावं कधी कधी. भाकर तेवढी जाड थापत जा."

अर्पिताने पदर पसरला. आपल्याच पोत्यातली ज्वारी पदरात घेऊन ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो, मावशी." आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.