सव्वा तासावरची लेक

एकोणीसशे एक्क्याण्णव साली, दोन लहान गावांच्या विमानतळांमध्ये थेट विमान सुरू झालं त्या आठवड्यात, आई उशांचे अभ्रे काढून धूत होती. लेक यायची होती.

"आता काय बाई, चैन आहे!" शेजारच्या टायपिंग क्लासवाल्या बाई कठड्यावरून म्हणाल्या. "सहाशे किलोमीटर म्हणे, आणि सव्वा तासात लेक दारात. चहा ठेवा, उकळेपर्यंत येईल."

"तुमचा चहा सव्वा तास उकळतो वाटतं," आई म्हणाली आणि दोघी हसल्या.

आगगाडीला डोंगरांना वळसा घालून यावं लागे. दोन रात्री जात, मधे गाडी बदलावी लागे. एवढं अंग आंबवून आलेली लेक मग महिनाभर राहायची. वडील गेल्यापासून आई त्या एका महिन्यावर वर्ष काढत होती. आता ती वर्षातून चारदा येईल, चार महिने घर बोलतं राहील, असा तिचा सरळ हिशेब होता.

लेक सकाळी आली. खांद्याला पर्स, बाकी काही नाही.

"सामान मागून येतंय का?"

"सामान कशाला, आई? संध्याकाळच्या विमानानं परत जायचंय."

आईनं पदराला हात पुसले. ते कोरडेच होते.

जेवणं झाल्यावर लेक भिंतीला टेकून बसली. आई भांडी विसळता विसळता, पाठमोरीच म्हणाली,

"पुढच्या वेळी आगगाडीनंच ये गं. तू वर आभाळात असलीस की माझा जीव टांगणीला लागतो."

हे खोटं होतं. घरावरून विमान गेलं की ती हौसेनं बघायला अंगणात धावायची.

"आगगाडीनं आले तर राहावं लागेल."

"मग राहा की. कोण हाकलतंय तुला?"

लेक पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली.

"राहिले तर मी परत जाणार नाही," ती म्हणाली. "म्हणून तर आजचंच परतीचं तिकीट काढलं. आता एक रात्र जरी इथे झोपले ना, की त्या घरात पुन्हा पाऊल टाकवणार नाही मला."

नळ वाहत होता. आईनं तो बंद केला. विचारायचं बरंच होतं: जावई काय बोलतो, काय करतो, केव्हापासून. ती वळली तेव्हा लेक तिच्याच तोंडाकडे बघत होती.

"वेणी सुटलीय तुझी," आई म्हणाली. "ये, घालून देते. रिक्षा येईल एवढ्यात."

आईनं वेणी घट्ट घातली.

ती विमानसेवा तीन वर्षांत बंद पडली, प्रवासीच मिळेनात. धावपट्टीवर लोक मोटार शिकू लागले. टायपिंगवाल्या बाई क्लास मोडून भावाकडे राहायला गेल्या. जावयाला बढती मिळाली. शांत, सरळ माणूस म्हणून त्याचं नाव झालं. लेक पुढे आगगाडीनंच येई, पण त्याच्याबरोबर, आणि तो उठला की उठे. मायलेकी एका खोलीत दोघीच अशा पुन्हा बसल्या नाहीत.

आई एका हिवाळ्यात गेली. घर विकायचं ठरलं. जावई आधी निघाला. आवराआवर करून लेक दुसऱ्या दिवशी निघणार होती. त्या रात्री तिनं सगळी दारं लावली आणि आईच्या पलंगावर झोपली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ती तिथेच राहते, एकटी.