नंबराचा कोपरा

डॉक्टरांच्या लेखातली तीन उद्गारचिन्हं ताईने पुसली आणि चौथं राहू दिलं. माणसाची थोडी हौस राखावी. ‘प्रसिद्ध करा’चं बटण दाबून तिने चष्मा काढला, तोच फोन वाजला. गुरुवार होते.

गुरुवार म्हणजे वकीलसाहेब. ब्लॉगवर सात लेखक आणि प्रत्येकाला एकेक वार वाटून दिलेला, त्यामुळे ताईच्या डोक्यात माणसं वारांनीच नोंदलेली. सोमवार म्हणजे दातांचे डॉक्टर, मंगळवार म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, बुधवार म्हणजे वाचनालयाचे ग्रंथपाल. ताईला वार नव्हता. ती तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेली. ब्लॉगची कल्पना तिची, पासवर्ड तिच्याकडे, आणि पानाच्या माथ्यावर ‘एकही दिवस कोरा नाही’ असं लिहून ठेवण्याचा आगाऊपणाही तिचाच. सहा वर्षांत खरोखरच एकही दिवस कोरा गेला नव्हता. त्यापायी तिच्या नाकी नऊ यायचे, पण ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं. वयाने मोठे असलेलेसुद्धा तिला ताई म्हणत आणि लेख उशिरा पाठवत.

“ताई, बसलात ना? आनंदाची बातमी आहे,” वकील म्हणाले. “माझ्या गुरुवारच्या लेखांचं पुस्तक येतंय.”

ताई बसलेलीच होती. तरी तिने टेबलाची कड धरली.

“कुठले लेख?”

“निवडक चाळीस. प्रकाशक म्हणतात, गेल्या दोन वर्षांतलेच घेऊ. आधीचे जरा भाषणासारखे आहेत म्हणे.”

गेल्या दोन वर्षांत वकिलांनी एक ओळही लिहिलेली नव्हती.

ते हळूहळू झालं होतं. आधी त्यांचे लेख आखूड यायला लागले, ताईने भर घातली. मग तीनच ओळी यायला लागल्या, ताईने त्यांचा लेख केला. मग दर बुधवारी संध्याकाळी फक्त निरोप यायचा, ‘या वेळी तुम्हीच बघा.’ ताई बघायची. दुसऱ्या कुणी तो वार काढून भलत्याला दिला असता. ताईने दिला नाही, आणि त्यामागे चांगुलपणा नव्हता. तिला ते आवडायला लागलं होतं. वकिलांच्या फोटोमागे बसून तिला लिहिता येत होतं. स्वतःच्या नावाखाली बोटं आखडायची.

“वकीलसाहेब, पण ते लेख...”

“अहो, माहीत आहे. तुमचा हात फिरलाय त्यांच्यावरून. ते मी विसरेन का? प्रस्तावनेत आभार आहेत तुमचे. पहिल्याच पानावर.”

हात फिरलाय! ताईला हसू आलं असतं, पण आलं नाही.

“त्यातला एक लेख काढा,” ती म्हणाली. “‘चादर’ तेवढा काढा.”

“‘चादर’? अहो, पुस्तकाचं नावच ‘चादर’ ठरलंय!”

“तुमच्या आई कशा आहेत?”

“आई? ठणठणीत. धाकट्या भावाकडे असते. का हो?”

“त्या लेखात आई जाते.”

वकील कोर्टात बोलावं तसे बोलले, “साहित्यात तेवढं चालतं, ताई.”

पुढे त्यांनी सांगितलं की रविवारी वाचनालयात सगळ्यांनी जमायचं ठरलंय, चहा त्यांच्याकडून. ताईने बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर तिने ठरवलं की रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं. पुस्तक खुशाल काढा, एकोणचाळीस लेख घ्या, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसा. ‘चादर’ माझा आहे. कारण त्यातली आई माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली, त्याआधीचे चार महिने ताईने एकटीने काढले होते. आईला माणसं ओळखू येत नव्हती. ताईला ती ‘सिस्टर’ म्हणायची. पण हात शाबूत होते. अंगावर घातलेली चादर ती पडल्या पडल्या ओढून घ्यायची, कोपऱ्याला कोपरा जुळवायची, घडी घालून उशाशी ठेवायची आणि कुडकुडत पडून राहायची. ताई घडी मोडून पुन्हा पांघरूण घालायची. तासाभराने पुन्हा घडी. दोघींचं तेवढंच बोलणं उरलं होतं. लेखात हे सगळं तसंच होतं. फक्त वकिलांना शोभावं म्हणून ताईने लिहिणाऱ्या मुलीचा मुलगा केला होता, आणि आईने सत्तावीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतल्या, वाळवल्या, घडी घातल्या, ते काढून टाकलं होतं. वकिलाच्या आईला धुलाईघर कुठून आणायचं?

आणखी एक कारण होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. धाकटी बहीण ब्लॉग रोज वाचायची. त्या चार महिन्यांत धाकटी एकदाच आली होती, तेही दोन तासांसाठी, आणि नेमकी तेव्हा आई झोपलेली होती. हा लेख ताईने स्वतःच्या नावाने छापला असता तर धाकटीला तो टोमणा वाटला असता. म्हणून तो गुरुवारी गेला. त्याच्याखाली पहिली प्रतिक्रिया धाकटीचीच आली, ‘तुमच्या आई भाग्यवान, त्यांना असा मुलगा मिळाला. आमच्या आईजवळ बसायला मला वेळ झाला नाही.’ ताईने ती इतक्या वेळा वाचली होती की तिच्यातली स्वल्पविरामाची जागाही तिला पाठ होती.

शनिवारी धाकटीचा फोन आला.

“ताई, मी उद्या येतेय. पुस्तकाचं कळलं मला, ब्लॉगवर प्रतिक्रियेत लिहिलंय ना मुख्याध्यापिका बाईंनी. मला त्या वकिलांना भेटायचंय.”

“तू कशाला एवढ्या लांबून...”

“भेटायचंय गं. तो लेख छापून कपाटात ठेवलाय मी. आणि एक बोलू? रागावू नकोस.”

“बोल.”

“एवढी वर्षं तू ब्लॉग चालवतेस. दुसऱ्यांच्या आया छापतेस. आपल्या आईवर कधी एक ओळ लिहावीशी नाही वाटली तुला?”

ताईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“नाही जमलं,” ती म्हणाली.

रविवारी वाचनालयातलं लांब टेबल ग्रंथपालांनी पुसून त्यावर पांढरा कपडा घातला होता. वर कप, बिस्किटांची ताटली, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नमुना. त्यावर चुरगळलेल्या चादरीचं चित्र होतं. चुरगळलेलीच कशी, असं ताईच्या मनात आलं. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली. बोलायचं वाक्य तिने घरून पक्कं करून आणलं होतं. ते धाकटीसमोर कसं बोलायचं, हे काही पक्कं झालं नव्हतं.

डॉक्टर बोलले. मुख्याध्यापिका बोलल्या आणि बोलता बोलता त्यांनी डोळे टिपले. वकील उभे राहिले, त्यांनी ‘चादर’मधला शेवटचा भाग वाचून दाखवला. आवाज चांगला होता त्यांचा. दोन वाक्यांमध्ये कुठे थांबायचं, तेही त्यांना बरोबर कळत होतं. धाकटी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होती.

“ताईंनी या लेखावरून हात फिरवलाय,” वाचून झाल्यावर वकील म्हणाले. “ताई, उभ्या राहा.”

ताई उठली. टाळ्या पडल्या. आता बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि समोर धाकटीचा चेहरा दिसला, रडून हलका झालेला.

“चहा गार होतोय,” ताई म्हणाली आणि खाली बसली.

लोक हसले. चहा झाला. पांगायच्या आधी मुख्याध्यापिकांना वर्गातल्या प्रात्यक्षिकांची आठवण झाली असावी.

“वकीलसाहेब, ती घडी प्रत्यक्ष दाखवा ना आम्हाला. आई घालायच्या ती.”

“हो, हो, दाखवा,” डॉक्टर म्हणाले आणि कप उचलायलाही लागले.

टेबलावरचा कपडा वकिलांच्या हातात आला. त्यांनी तो मधोमध दुमडला, वर्तमानपत्र दुमडतात तसा, मग पुन्हा दुमडला, आणि काखेत धरून हसले.

“असं नाही हो,” धाकटी उठत म्हणाली. “लेखातच लिहिलंय तुम्ही, कोपऱ्याला कोपरा. द्या इकडे.”

तिने कपडा झटकला. दोन कोपरे जुळवले, कड हनुवटीखाली धरली, हात लांब करून दोन्ही बाजू सरळ ओढल्या. मग तीन पदरी घडी, मग आडवी, मग गुडघ्यावर ठेवून तळव्याने एकदा दाब. ती लेख आठवत नव्हती. तिचे हात आपले आपण चालले होते. लहानपणी सुट्टीच्या दिवशी आई दोघींना धुलाईघरात न्यायची आणि चादरीच्या दोन टोकांना दोघी उभ्या राहायच्या, त्या वेळचे हात. शेवटी तिने एक कोपरा बाहेर काढून घडीच्या वर बसवला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा तिथेच थांबला.

“इथं नंबर असायचा,” ती म्हणाली.

“कसला नंबर?” वकिलांनी विचारलं.

“वॉर्डाचा. लाल दोऱ्याने घातलेला. कोपरा वर ठेवायचा तो नंबर दिसावा म्हणून.” तिने घडी टेबलावर ठेवली. “वकीलसाहेब, तुमच्या आई कुठं कामाला होत्या?”

“आई? छे हो. ती कधी घराबाहेर पडली नाही.”

धाकटी वळली. त्या खोलीतले सगळेच ताईला ताई म्हणत होते, पण आताची हाक निराळी होती.

“ताई.”

ताई उठून उभी राहिली.

“आपली आई तू ह्यांना देऊन टाकलीस?”

कुणीतरी कप बशीत ठेवला. डॉक्टरांनी ग्रंथपालांकडे पाहिलं, ग्रंथपालांनी कपाटाकडे.

“तुला वाईट वाटू नये म्हणून...” ताई म्हणाली.

“वाईट वाटायला हवं होतं मला! तेवढं तरी माझ्या वाट्याला ठेवायचंस.” धाकटीचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “मी ह्यांचे आभार मानले. सगळ्यांना दिसेल असे. तुमच्या आई भाग्यवान, म्हणून लिहिलं. आणि तू ते वाचून गप्प बसलीस. दोन वर्षं.”

“मला वाटलं, तू ओळखशील.”

“कशावरून? तू पुसून टाकलंस ना सगळं.”

धाकटीने पर्स उचलली. जाताना ती वकिलांसमोरून गेली, त्यांच्याकडे न बघता, आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

वकिलांनी घसा साफ केला.

“ताई, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. माझ्या दृष्टीने फार अवघड झालं.”

ताई टेबलाशी गेली. घडी तशीच होती, कोपरा वर. तिने दोन बोटांत तो कोपरा धरला, एका झटक्यात घडी मोडली आणि कपडा टेबलावर पसरून त्याच्या चुण्या सारख्या केल्या. मग कप जागच्या जागी ठेवून ती घरी गेली.

सोमवार, मंगळवार, बुधवार, लेख वेळेवर आले. इतके वेळेवर ते सहा वर्षांत आले नव्हते. धाकटीने फोन उचलला नाही. बुधवारी संध्याकाळी वकिलांचा निरोप आला नाही, त्यांना बहुधा धीर झाला नसावा. गुरुवारी ताईने सकाळचा चहा केला, झाडांना पाणी घातलं, आणि पान कोरं राहिलं.

दुपारी बारा वाजता फोन वाजला. निरोप होता.

‘ताई, माझा आजचा लेख दिसत नाही. काही अडचण?’

तिने लिहिलं, ‘या वेळी तुम्हीच बघा.’

मग ती संगणकाशी बसली. ‘चादर’ उघडला. आधी धुलाईघर परत घातलं, मग लाल दोरा, मग नंबर. मुलाची मुलगी केली. लेखकाच्या नावाचा चौकोन उघडून वकिलांचं नाव काढलं आणि स्वतःचं भरलं. सहा वर्षांत ते नाव त्या पानावर पहिल्यांदा आलं होतं. तिला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. बोटं आखडली नाहीत, एवढंच.

‘बदल जतन झाले,’ असं आलं.

ती खाली प्रतिक्रियांकडे गेली. दोनशे बारा होत्या, बहुतेक ‘सर’ म्हणून सुरू होणाऱ्या. त्या तशाच राहणार होत्या. तिला फक्त पहिली हवी होती. आता ती योग्य नावाखाली असती. ‘तुमच्या आई भाग्यवान.’ निदान तेवढं तरी.

पहिल्या जागेवर तारीख होती, वेळ होती, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ होती.

‘ही प्रतिक्रिया देणाऱ्या व्यक्तीने ती काढून घेतली आहे.’

ताईने चष्मा पुसला आणि ती ओळ सवयीने तपासली. तिच्यात चूक कुठेच नव्हती.