रखमाजींचा वर राहिलेला पाय

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. मित्रांनो, शेवटी रखमाजींचा पाय खाली आला आणि त्याचा लाडू उंदराला मिळाला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. पाय अजून वरच आहे असं धरून चला, म्हणजे मला नीट चिडता येईल.

जालन्यात मस्तगडला गजाननचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. त्यानं नवा एचडी कॅमेरा घेतला. चित्र एवढं स्वच्छ, की वरबापाच्या कानातले केस दिसावेत. पण कॉम्प्युटरवर लावलं की अडकत अडकत चालायचं. म्हणून तो औरंगाबादला कार्ड आणायला गेला. खोक्यावर तलवारवाला राक्षस असलेलं कार्ड त्याला पसंत पडलं.

"राक्षस गेमसाठी," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला लग्न पाहायचंय ना? मंग हे घ्या. मोठा व्हिडिओ स्वतः उलगडतं, कॉम्प्युटरला घाम येऊ देत न्हाई."

ते मी. माझी आयुष्यातली स्तुती एवढीच.

गजाननने मला बराबर बसवलं. आता मॉनिटरची वायर जुन्या जागेवरून काढून माझ्यात लावायची, एवढंच उरलं होतं. पण त्या वायरीचा स्क्रू हरवलेला, आणि गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला कॅमेऱ्यासोबत कॉम्प्युटरची पूजा करताना त्याच्या आईनं, ताराबाईंनी, ती लाल दोऱ्यानं बांधून टाकलेली.

"दोऱ्याला हात लावू नको. पूजेचा हाय. आता येत्या दसऱ्यालाच सुटंल."

"आई, वायर फक्त इकडची तिकडं करायचीय."

"कार्ड आत बसलंय न्हवं? जावई कोणत्या का दारानं येईना, जेवतोच."

गजाननला हे पटलं. मित्रांनो, त्याला हे पटलं.

मी आत पंखा फिरवत बसलो आणि चित्र जुन्याच दारानं ये-जा करू लागलं.

मग वाटूरच्या दुर्गाबाई आल्या. त्यांचे मालक रखमाजी जन्मात कधी नाचले नव्हते. मुलाच्या वरातीत तेवढे नाचले. तेव्हा दुर्गाबाई घरी उंबऱ्यावर नव्या सुनेसाठी माप भरून बसलेल्या. त्यांना फक्त हलगी ऐकू आली. श्रावणात रखमाजी गेले. आता ते नाचणं त्यांना एकदा पाहायचं होतं.

गजाननने त्या वरातीचा व्हिडिओ लावला. रखमाजींनी टोपी सावरली, एक पाय उचलला, आणि चित्र अडकलं. आवाजात वरात घरी पोचली, सुनेनं नावसुद्धा घेतलं. चित्रात रखमाजी एका पायावरच.

दुर्गाबाई पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "खाली ठिव की रं पाय त्यांचा. गुडघा दुखतो त्यांचा."

"कार्डच बोगस निघालं, मावशी," गजानन म्हणाला.

बोगस. मी. ज्याला कुणी कामच सांगितलं नाही, तो. दुर्गाबाई दर बाजाराला यायच्या, पाय वर जायचा, शिवी मला पडायची.

दसरा तोंडावर आला आणि एका उंदरानं दोरा कुरतडला. दुर्गाबाई बसलेल्या असतानाच वायर गळून पडली. गजाननने टेबलामागे हात घालून, हाताला लागेल त्या भोकात ती खुपसली. ते माझं होतं.

मी वाटच पाहत होतो. पाय खाली आला. दुसरा वर गेला. रखमाजी नाचले. फार वाईट नाचले, ठेका बिलकुल सापडला नव्हता.

दुर्गाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "म्हणून मला घरी बसवलं व्हतं तर. गजानन, अजून एकदा लाव."

ताराबाईंनी हात जोडले. "गणपतीनं वाहन धाडलं. दोरा देवानंच सोडवला." आणि भिंतीच्या बिळापाशी बेसनाचा लाडू ठेवला. दसऱ्याला बिळालाही हळदकुंकू वाहिलं. मला नाही. पुढे नवा कॉम्प्युटर आला आणि मी ड्रॉवरमध्ये, तुटक्या अल्बमांखाली.

मित्रांनो, यंत्र पारखून घ्या आणि घेतल्यावर वायर त्याच्यातच लावा. सबब संबंधितांस विनंती, की सदर लाडू अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावा. तो खाल्ला गेला असल्यास उंदराकडून लेखी खुलासा मागवावा. आणि रखमाजी यांचा गुडघा यापुढे दुखू नये, असे आदेश व्हावेत.