कमरेमागचा नारिंगी फुगा

मी एक जुना फुगा आहे, मित्रांनो. हसलात ना? वाटलंच मला! पण टाचणी लागली की फटकन फुटणारा वाढदिवसाचा फुगा मी नव्हे. मोठ्या तलावात लांबवर पोहणारी माणसं कमरेला पट्टा बांधतात आणि त्या पट्ट्याला दोरीनं जोडलेला एक भडक नारिंगी फुगा त्यांच्यामागे तरंगत जातो, तो मी. इथे माणूस आहे हे होडीवाल्यांना लांबून दिसावं आणि पोहणारा दमलाच तर त्याला धरायला काहीतरी असावं, एवढं माझं काम. आता माझा रंग उडालाय, पण तब्येत अजून ठणठणीत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे दोन जाड तुकडे गरम यंत्राखाली दाबून माझ्या कडा चिकटवल्या. तपासणीवर बसलेल्या बाईंनी माझ्यात हवा भरली, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी मला दाबून म्हणाल्या, "पक्का आहे हा." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मग बरेच दिवस दुकानाच्या खुंटीवर लटकलो आणि एके दिवशी माझी मालकीण आली.

मालकिणीचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर उभं राहून पाय दुखतात, तरी पहाटे ती तलावावर हजर! कारण सांगतो. तिची मुलगी, आमची छोटी, दिवस भरण्याआधीच जन्मली होती. इवलासा जीव, हॉस्पिटलात कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होता. घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता. आता छोटी शाळेत जाते आणि घर डोक्यावर घेते. हॉस्पिटलच्या त्याच विभागात बाळांसाठी नव्या पेट्या घ्यायच्या होत्या. त्यासाठी देणगी गोळा करायला तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जायचा कार्यक्रम ठरला आणि मालकिणीनं पहिल्याच दिवशी नाव दिलं.

फुगा धरून दम घ्यायला तिथे मनाई नव्हती. उलट फुगा नसेल तर पाण्यात उतरूच देत नव्हते. पण आमची मालकीण भारी हट्टी. नवरा शेजारून छोटी होडी वल्हवायचा. तिला धाप लागली की म्हणायचा, "अगं, धर की जरा फुग्याला!"

"अहो, लोकांनी पोहण्यासाठी पैसे दिलेत, लोंबकळण्यासाठी नाही," ती म्हणायची आणि पुढे निघायची. मला वाईट वाटायचं, मित्रांनो. नुसतं मागे मागे फिरायचं आणि कधी कुणाच्या उपयोगी पडायचं नाही, हे काय जगणं झालं?

त्यात माझ्यावर बालंट आलं. घरून निघताना नवरा गरम स्वयंपाकघरात उभा राहून मला तोंडानं फुगवायचा, अगदी टम्म. तलावाच्या गार पाण्यात पाच-दहा मिनिटं गेली की मी मऊ पडायचो. मालकीण मागे वळून बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. "याची हवा जातेय हो." नवरा वीजदुरुस्तीचं काम करणारा, हाताला गप्प बसणं माहीत नाही. त्यानं मला बादलीत बुडवून बुडबुडे शोधले. एकही सापडला नाही. "म्हणजे भोक फारच बारीक आहे," असं म्हणून त्यानं अंदाजानं तीन ठिगळं चिकटवली. धडधाकट अंगावर ठिगळं! दुसऱ्या दिवशी मी परत मऊ.

मग मात्र मालकिणीचा धीर सुटला. "खोल पाण्यात हा दगा देणार. मला भीती वाटते हो," ती म्हणाली. तिचा सराव थांबला. नवा फुगा घेऊ म्हणून मला शेगडीशेजारच्या कोपऱ्यात टाकलं. कार्यक्रम तोंडावर आला आणि मालकीण दुकानात गिऱ्हाइकांशी धड बोलेनाशी झाली.

मी आठवडाभर त्या कोपऱ्यात पडून होतो. एकदा भाजी चिरता चिरता सासूबाईंचा पाय माझ्यावर पडला आणि मी टुणकन उडालो. "अगं ए सूनबाई! याची हवा जाते ना? मग इतके दिवस गेली का नाही ती?"

मालकीण धावत आली. मला दाबून बघितलं. टम्म! तिनं बादलीत बर्फाचं पाणी घेतलं आणि मला त्यात दाबून धरलं. थोड्या वेळात मी मऊ. शेगडीजवळ ठेवलं, पुन्हा टम्म. गारठ्यानं आतली हवा आकसते, एवढीच काय ती गोष्ट!

"अहो, भोक फुग्यात नव्हतंच," ती खदखदून हसत नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या डोक्यात होतं!"

"आणि तुझ्या?" नवरा म्हणाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा तर सर्वांत जास्त.

तेव्हापासून मला काठावरच्या गार हवेत फुगवायचे, पाण्यात घालून गार होऊ द्यायचे आणि मऊ वाटलो तर आणखी दोन फुंकरी मारायचे. कार्यक्रमाच्या दिवशीही तसंच केलं. अर्धा तलाव झकास पार पडला. मग वारा सुटला, लाटा आडव्या यायला लागल्या आणि नवऱ्याची होडी मागे रेटली गेली. नेमका तेव्हाच मालकिणीच्या पोटरीत गोळा आला. ती खाली गेली, वर आली, खोकली. नवरा लांबून ओरडत होता, "धर त्याला! अगं, धर!"

आणि तिनं धरलं! दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं. तिचं काळीज माझ्यावर धडधडत होतं. मी सगळा जोर लावून वर राहिलो. तिनं पाय चोळला, लांब श्वास घेतले. होडी जवळ येईपर्यंत गोळा उतरला होता. तिनं नवऱ्याकडे बघून मान हलवली, मला सोडलं आणि परत पोहायला लागली.

पलीकडच्या काठावर सासूबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मालकीण पाण्यातून बाहेर आली, त्यांच्या गळ्यात पडली आणि रडायलाच लागली. "आई, मी मध्येच फुग्याला धरलं हो. सगळं अंतर माझं नाही."

सासूबाई तिचं डोकं खसाखसा पुसत म्हणाल्या, "वेडी कुठली! आपली छोटी पेटीत होती तेव्हा नळीच्या आधारानंच श्वास घेत होती ना? मग ते श्वास काय तिचे नव्हते?"

मालकीण हसली, खाली वाकली आणि माझ्यावरचं पाणी हातानं निपटून काढलं.

तर मित्रांनो, माझ्यासारख्यांना उन्हात टाकून देऊ नका, वापरल्यावर पुसून ठेवा, आणि नीट तपासल्याशिवाय ठिगळं लावू नका. आणि पाण्यात दमलात, तर लाजू नका. आम्ही मागेच असतो. धरा.